आधी वैरण, मग वाट

घोडे घेऊन जंगलात आठवडाभर मुक्कामाला जायचे ठरले की बहुतेकांची तयारी नकाशापासून सुरू होते. कुठली खिंड ओलांडायची, कुठल्या नदीकाठी तंबू ठोकायचे, रोज किती मैल कापायचे हे आधी ठरते. मग माणसांच्या शिध्याची यादी होते, झोपायच्या पिशव्यांवर खल होतो, आणि निघायला चार दिवस उरले असताना कोणीतरी विचारते, घोडे खाणार काय? वरातीमागून येणारा हा प्रश्न खरे तर सगळ्यात पुढे असायला हवा. या पुस्तकाची मांडणी म्हणूनच उलट्या टोकाकडून केली आहे. असा बेत घोड्याच्या पोटापासून आखायचा असतो. गवत कुठे आहे, किती आहे, कधी तयार होते आणि ते चारायची मुभा आहे की नाही, यावरून आधी तारीख ठरते, मग मुक्कामाची जागा, मग दिवस, मग जनावरांची संख्या आणि सर्वांत शेवटी माणसांची. हा क्रम कोणी उलटा केला तर त्याची किंमत घोडा मोजतो, कुरण मोजते, आणि त्यानंतर त्या वाटेने येणारे सगळे मोजतात. एवढेच या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. बाकीची पाने त्याच्या पुराव्यासाठी आहेत.

उदाहरणादाखल एकच प्रदेश समोर ठेवला आहे, तो अमेरिकेच्या मोंटाना राज्यातले बॉब मार्शल वाइल्डरनेस. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने ज्या रानांना पहिल्यांदा संरक्षण मिळाले त्यांतले हे एक. एकट्याचे क्षेत्र सुमारे १० लाख एकर आहे. १९७२ मध्ये जाहीर झालेले स्केपगोट आणि १९७८ चे ग्रेट बेअर ही शेजारची रानेही धरली तर १५ लाख एकरांहून अधिक सलग जंगल होते. आत मोटाररस्ता नाही. मोटारच काय, सायकल आणि इंजिनावर चालणारी करवतही आणायला कायद्याने मनाई आहे. वन खात्यालासुद्धा पुलाचे लाकूड खेचरांच्या पाठीवरून न्यावे लागते आणि वाटेवर आडवे झालेले झाड दोघांनी ओढायच्या करवतीने कापावे लागते. गंमत अशी की ज्या वनाधिकाऱ्याचे नाव या रानाला आहे तो बॉब मार्शल स्वतः अट्टल पायी चालणारा. एका दिवसात तीस मैल चालणे हा त्याला नित्याचा प्रकार. १९३५ मध्ये वाइल्डरनेस सोसायटी स्थापन करणाऱ्यांत तो होता आणि १९३९ मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारला. त्याच्या नावाचे रान आज घोडे-खेचरांच्या तांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. याचे कारण साधे आहे. आतल्या नद्या आणि ‘चायनीज वॉल’ म्हणून ओळखला जाणारा प्रचंड कडा रस्त्यापासून इतका आत आहे की तिथे जायचे तर मुक्काम चुकत नाही, आणि आठवड्याचे सामान पाठीवर वाहणे सगळ्यांना जमत नाही.

आता हिशेबाकडे वळू, कारण या विषयात भावनेपेक्षा हिशेब जास्त बोलतो. साधारण साडेचारशे किलो वजनाचे घोडे किंवा खेचर रोज आपल्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण खाते. ती नऊ किलो धरू. डोंगरी वाटेवर ओझ्याच्या खेचरावर ६८ किलोच्या आसपास, म्हणजे दीडशे पौंड, लादणे रास्त मानतात. म्हणजे एखादे खेचर फक्त स्वतःचीच वैरण वाहत निघाले, दुसरे काहीही घेतले नाही, तरी आठव्या दिवशी ते उपाशी राहणार. चार माणसांची सहल समजू: चार स्वारीचे घोडे आणि तंबू-भांडी-शिध्यासाठी दोन खेचरे, एकूण सहा जनावरे. सगळी वैरण बरोबर न्यायची ठरवली तर तीन दिवसांच्या सहलीला आणखी चार खेचरे लागतात, कारण त्या चारांनाही खायला लागते. पाच दिवसांना बारा जास्त लागतात. सात दिवसांना? शहात्तर. चार माणसांना आठवडाभर हिंडवायला ब्याऐंशी जनावरे, आणि त्यांतली बहुतेक एकमेकांचे खाणे वाहण्यापुरती. खोगीरभरती म्हणतात ती याहून वेगळी काय असते? बॉब मार्शलमध्ये एका गटाला १५ माणसे आणि ३५ जनावरे अशी मर्यादा आहे. हा तांडा तिच्या दुपटीहून मोठा होतो. हिशेब कागदावरचा आहे, रोज वैरण कमी होते तसे ओझेही हलके होते वगैरे सगळे खरे. तरी निष्कर्ष हलत नाही. दोन-तीन दिवसांपलीकडची प्रत्येक सहल रानातल्या गवतावरच उभी असते. माणूस आपला शिधा नेऊ शकतो, घोड्याचा नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की आता गवताच्या गासड्या कोण नेतो, दाबलेल्या गोळ्यांचे खाद्य मिळते. मिळते, आणि जागा फार कमी व्यापते. पण वजन थोडेच घटते, आणि अडचण मुख्यतः वजनाची आहे. दुसरे असे की घोड्याचे पोट माणसाच्या सोयीने बनलेले नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते, म्हणून मोकळा घोडा दिवसाचे बहुतेक तास थोडेथोडे चरत राहतो. गवत खरे पचते ते मागच्या मोठ्या आतड्यात, तिथल्या सूक्ष्मजीवांच्या आंबवण्याने. हे सूक्ष्मजीव ठरावीक खाद्याला सरावलेले असतात. खाणे एका दिवसात बदलले की पोटशूळ उठू शकतो, आणि घोड्याला उलटी होत नाही हे लक्षात घेतले की त्या पोटशुळाची भीती कळते. रस्त्यापासून वीस मैल आत पशुवैद्य येत नाही. म्हणून गोळ्या किंवा चंदी द्यायची तर ती निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस हळूहळू सवयीची करावी, आणि पूरक म्हणूनच द्यावी. तोबऱ्यात घालून द्यावी म्हणजे सांडत नाही. जमिनीवर सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि ग्रिझली अस्वलाच्या मुलखात त्याहून मोठे पाहुणेही येतात. तिथल्या नियमांत घोड्याचे दाणेसुद्धा माणसाच्या अन्नासारखेच झाडांमध्ये उंच टांगून किंवा अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीत ठेवावे लागतात. वैरणीचा आणखी एक नियम घराच्या अंगणापासूनच लागू होतो. मोंटानातल्या राष्ट्रीय वनांत तणाचे बी नसल्याचा दाखला असलेलीच वैरण चालते, कारण नॅपवीडसारखी परकी तणे तिथली कुरणे गिळत आहेत. बी घोड्याच्या आतड्यातून जिवंत बाहेर पडू शकते. तेव्हा निघण्यापूर्वी तीन-चार दिवस घरीही तीच स्वच्छ वैरण घालायची असते. म्हणजे सहल सुरू होते ती वाटेच्या तोंडाशी नव्हे, गोठ्यात.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या अंगाने येतो आणि मराठी माणसाच्या तोंडी तो हमखास असतो. आपले घोडदळ खोगिरावर भाकरी खात हजार मैल गेले, त्यांनी कुठे वैरणीचे तक्ते मांडले? मांडले होते. शिवाजी महाराजांच्या काळात, १६७० च्या दशकात, चिपळूणच्या तळावरच्या अंमलदारांना गेलेले पत्र आपण रयतेची काळजी म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण ते पत्र मुळात घोड्यांच्या छावणीचे नियोजन आहे. साठवलेली वैरण आणि दाणा आताच मनमानेल तसा उधळला तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग लोक रयतेच्या घरात शिरतील, असा त्याचा सरळ तर्क आहे. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून गवताच्या गंजीत नेईल, इथवर ते तपशिलात उतरते. याच्या उलट दाखला पानिपताचा. १७६० च्या अखेरीस रसद तुटली, गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि छावणीत घोडी चाऱ्यावाचून खंगली. लढाईच्या दिवशी घोडदळाचे बळ किती उरले होते हे सांगायला नको. फौजा मुलखावर जगत हे खरे, पण त्याचा अर्थ दुसऱ्या कोणाच्या तरी शेतावर जगत. रानातल्या मुक्कामात तो दुसरा कोणी म्हणजे कुरण, आणि कुरण तक्रार करायला दरबारात येत नाही.

कुरण म्हणजे हिरवे दिसते ते सगळे चरायला मोकळे, असा समज असतो. उंचावरच्या कुरणांचे वर्ष फार लहान असते. बर्फ वितळते, माती पाण्याने फुगते, मग काही आठवड्यांत गवत वाढून, फुलून, मुळांत साठा करून पुन्हा झोपी जाते. या ओल्या दिवसांत घोडा आत शिरला तर नुकसान तोंडाने कमी आणि खुराने जास्त होते. साडेचारशे किलो भार चार लहान नालांवर पडतो, गवताची गादी फाटते, ओहोळाचे काठ ढासळतात, पाणी खोल चर काढते आणि कुरण सुकू लागते. कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया आणि किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानांनी यावर काढलेला उपाय मला या विषयातला सगळ्यात शहाणा वाटतो. तिथे चराईची कुरणे कधी उघडायची याच्या तारखा त्या वर्षीचा बर्फ पाहून ठरतात. ओल्या वर्षाची तारीख वेगळी, कोरड्याची वेगळी. कुठल्या कुरणात किती जनावरे किती रात्री राहिली याची नोंद होते आणि हंगामाअखेर किती गवत शिल्लक उरले हेही पाहिले जाते. बॉब मार्शलमध्ये उंच खिंडींत जुलैपर्यंत बर्फ राहू शकते, जूनमध्ये नद्यांचे उतार पोटापर्यंत पाण्याचे असतात, ऑगस्टात वणवे वाटा बंद करतात, सप्टेंबरच्या मध्यापासून शिकारीचा हंगाम आणि त्याचे तांडे. मुलांच्या शाळेची सुट्टी कधी आहे हे या यादीत कुठेच नाही, आणि पुष्कळांचा बेत तेवढ्याच एका तारखेवर आखलेला असतो.

पोटानंतरचा प्रश्न बांधण्याचा. जागेची नासाडी चालताना होते त्याहून जास्त घोडा उभा असताना होते, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. कंटाळलेला घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो. झाडाच्या बुंध्याला रात्रभर बांधला तर सकाळी मुळे उघडी पडलेली असतात, साल सोललेली असते, आणि चार-दोन हंगामांत झाड वाळते. डेव्हिड कोल या संशोधकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉब मार्शलमधल्या मुक्कामाच्या जागा तपासल्या, तेव्हा घोडेवाल्यांचे तळ पायी येणाऱ्यांच्या तळांपेक्षा कितीतरी मोठे आणि झाडांची इजा जास्त असलेले आढळले. यावर रूढ झालेला उपाय म्हणजे हायलाइन. पुरेसे अंतर असलेल्या दोन जाड झाडांना निदान दोन इंच रुंदीचे पट्टे बांधायचे, म्हणजे दोर सालीत रुतत नाही. त्या पट्ट्यांमध्ये घोड्याच्या डोक्याच्या वर, सुमारे सात फुटांवर, दोर ताणून घ्यायचा आणि त्याला ठरावीक अंतरावर घोडे बांधायचे. लगामदोर इतकाच सोडायचा की घोड्याचे नाक जमिनीच्या जवळ यावे पण पाय दोरात अडकू नये. आपल्या पागांत अगाडी-पिछाडी बांधत. इथे खुंटीचे काम वरचा दोर करतो. जमीन कोरडी, खडकाळ, पाण्यापासून दोनशे फूट दूर असावी. चरायला सोडताना पुढच्या पायांना पायबंद घालून आळीपाळीने सोडावे, निम्मे बांधलेले ठेवावे. कळपाची ओढ अशी असते की मागे राहिलेल्यांना सोडून सुटलेले फार लांब जात नाहीत. खेचरे घंटा बांधलेल्या घोडीमागे राहतात हे तांडेवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. निघताना लीद पसरायची, उकरलेले खड्डे बुजवायचे. आणि एक गोष्ट सहज पटत नाही: गर्दीच्या रानात नवी स्वच्छ जागा शोधण्यापेक्षा आधीच तुडवलेल्या तळावर उतरावे. कोलच्या कामातून पुन्हापुन्हा दिसले ते हे की पहिल्या थोड्या वापरातच जास्तीत जास्त हानी होते. नंतरचा वापर त्यात फारशी भर घालत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग घोडे न्यावेतच कशाला? हा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि त्याला पुरावाही आहे. १९९८ मध्ये कोल आणि स्पिल्डी यांनी मोंटानातल्याच जंगलात माणूस, घोडा आणि ओझे वाहणारा लामा हा प्राणी यांच्या पायांखाली झाडोऱ्याचे काय होते हे मोजले. घोड्याने केलेली हानी माणसाच्या कितीतरी पुढे गेली, लामा मात्र जवळपास माणसाइतकाच सौम्य ठरला. पायी हिंडणाऱ्यांच्या संघटना घोड्यांच्या तांड्यांविरुद्ध न्यायालयातही गेल्या आहेत, आणि त्यांची बाजू लंगडी नाही. आपल्याकडे माथेरानला मोटारींना बंदी असल्याने घोड्यांवर भार आहे, तिथली लाल मातीची धूप आणि रस्त्यावर बसवायच्या ब्लॉकांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घोडा म्हणजे निरुपद्रवी वाहन, असे तिथला दुकानदारही म्हणणार नाही. तरीही घोड्यांवर सरसकट बंदी घालावी असे मला वाटत नाही. ज्या रानात इंजिनाला बंदी आहे तिथल्या वाटा कोणीतरी उघड्या ठेवाव्या लागतात. मोंटानातल्या नाइनमाइल इथे वन खात्याने १९३० मध्ये खेचरांचा तळ उभारला तो वणव्यावर माणसे आणि सामान पोहोचवायला. रस्ते आणि विमानांतून उड्या घेणारे अग्निशामक आल्यावर १९५३ मध्ये तो बंद झाला, पण त्या जागी खेचरांचा तांडा आजही आहे. १९७३ मध्ये मोंटानाच्या फ्लॅटहेड खोऱ्यात सुरू झालेली बॅक कंट्री हॉर्समेन ही संघटना वाटा साफ करणाऱ्या स्वयंसेवकांचे सामान आत नेते, पडलेली झाडे कापते. पायी चालणारा ज्या वाटेवरून जातो ती बऱ्याचदा कोणाच्या तरी खेचराने शाबूत ठेवलेली असते. शिवाय गुडघे गेलेल्या, वय झालेल्या माणसाला त्या कड्याखाली जायचा दुसरा मार्ग नाही. पण या युक्तिवादाने मिळते ती मर्यादित मुभा, हक्क नव्हे. घोडा आणायचा तर त्याचे कारण हवे, आणि हौस हे कारण असेल तर संख्या कमी हवी.

संख्येबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. पस्तीस ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. पस्तीस जनावरे एका रात्रीत तीनशे किलोंहून जास्त कोरडे गवत संपवतात; हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांश पाणी असते हे धरले तर ते बाराशे किलो होते. इतके गवत सलग दोन रात्री देणारी कुरणे खिंडीच्या उंचीवर थोडी. जनावरे कमी करायची म्हणजे सामान कमी करायचे, आणि इथे घोडेवाल्यांची परीक्षा होते. लोखंडी तवे, घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, सगळे ‘खेचर आहेच की’ म्हणून चढते. पायी जाणारा प्रत्येक वस्तू स्वतःच्या खांद्यावर तोलतो, घोडेवाला दुसऱ्याच्या पाठीवर, म्हणून त्याला वजनकाटा लागतो. हा काटा उपमेचा नाही, हातात धरून वस्तू अडकवायचा, खराखुरा आहे. पालाणाच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांत एखाद्या किलोचा फरक राहिला तरी चढ-उतारावर ओझे एका अंगाला सरकते, तंग ओढला जातो, पाठीवर फोड येतो, आणि एका खेचराचे ओझे दुसऱ्यांवर वाटायची पाळी येते. अनुभवी तांडेवाले निघण्यापूर्वी दोन्ही बाजू काट्यावर सारख्या करून घेतात आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर थांबून तंग पुन्हा आवळतात.

एवढा हिशेब केल्यावर रानात जाण्याची मोकळीक उरते कुठे, अशी कुरकुर उरतेच. ती मला फारशी पटत नाही. मोकळीक हवी तर थोडी जनावरे न्यावीत. सहा जनावरांचा गट आज इथे, उद्या गवत पाहून तिथे उतरू शकतो. तीस जनावरांचा तांडा मोजक्या दोन-तीन कुरणांशी बांधलेला असतो, कारण इतर ठिकाणी त्याचे पोटच भरत नाही.

अमेरिकेत राहणारे मराठी वाचक बहुधा स्वतःचे घोडे घेऊन जाणार नाहीत, परवानाधारक आउटफिटरकडून तांडा भाड्याने घेतील. त्यांनाही हे पुस्तक लागू आहे, कदाचित जास्तच. ठरवण्यापूर्वी त्याला विचारा: जनावरे किती, रात्री कशी बांधणार, चराई कुठे, वैरण दाखल्याची आहे का, एका तळावर किती रात्री. उत्तर देताना तो गोंधळला तर पैसे भरू नका. स्वतःचे किंवा मित्राचे घोडे असतील तर राज्याच्या सीमेवर लागणारा पशुवैद्याचा दाखला आणि घोड्याच्या रक्ताच्या कॉगिन्स चाचणीचा अहवाल निघण्यापूर्वी काढून ठेवा. आणि दोन्ही बाबतींत, विमानाची तिकिटे काढण्याआधी ज्या भागात जायचे तिथल्या रेंजर कार्यालयाला फोन करून खिंडीतले बर्फ उतरले का आणि कुरणातली माती सुकली का, एवढे विचारा. दोन आठवडे थांबा असे उत्तर आले, तर रजा पुढे ढकला.